फणी कोणाच्या हातीं?

मराठी काव्यांत आणि कादंबऱ्यांत स्त्रीच्या केंसांचें वर्णन इतक्या वेळां आलें आहे कीं, त्याचा आतां वाचकास कंटाळा यावा. नागिणीसारखी वेणी, मेघासारखा केशकलाप, कपाळावर रुळणारी कुरळी बट, हीं उपमानें व चित्रें आम्हीं संस्कृत कवींकडून उचललीं आणि पिढ्यान् पिढ्या वापरून गुळगुळीत केलीं. परंतु ह्या सर्व वर्णनांत एक गोष्ट सहसा आढळत नाहीं. केंस पाहणारा कोण हें त्यांत कळतें. ते विंचरणारी कोण हें कळत नाहीं. ते धुतले कधीं, गुंता सोडविला कसा, विंचरतांना गळले किती, आणि त्या केंसांविषयीं त्यांच्या धनिणीस स्वतःला काय वाटलें, ह्याचा तेथें पत्ता नसतो. केंस हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठींच उगवतात, असें जणूं गृहीत धरलेलें असतें.

हा विषय किरकोळ आहे, साहित्यचर्चेंत त्याला जागा कशाला, असा आक्षेप येण्याचा संभव आहे. त्याला उत्तर असें कीं, केंस कोणाच्या मालकीचे, ह्या एका प्रश्नावर महाराष्ट्रांत असंख्य स्त्रियांच्या आयुष्याची माती झाली आहे. एका चालीनें विधवेच्या डोक्यावरचे केंस सक्तीनें काढले. दुसरीनें डोक्यांत गुंता झालेल्या मुलीला तो काढण्याची बंदी केली. पहिली चाल मुख्यतः ब्राह्मणादि पांढरपेशा वर्गाच्या माजघरांत चालली. दुसरी गरीब व बहुजन कुटुंबांत, देवीच्या नांवानें. वरवर पाहतां दोन्ही परस्परविरुद्ध दिसतात. एक म्हणते, वस्तरा लाव. दुसरी म्हणते, कात्री लावूं नको. परंतु दोहींचें बीज एकच आहे, आणि तें म्हणजे: हे केंस तुझे नव्हेत. एकींत ते दिवंगत नवऱ्याचे, दुसरींत ते देवीचे. मराठी वाङ्मयानें ह्या दोन्ही चालींची दखल घेतली आहे. ती घेतांना काय साधलें आणि काय राहून गेलें, एवढेंच ह्या लेखांत पाहावयाचें आहे.

केशवपनाचा विषय मराठी गद्यांत फार लौकर आला. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही मराठींतील पहिली कादंबरी मानली जाते. ती १८५७ सालीं निघाली आणि विधवांची स्थिति हाच तिचा विषय होता. १८८२ सालीं ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून, बायको मेलेल्या पुरुषाला जें लागू नाहीं तें नवरा मेलेल्या बाईलाच कां, ह्या अन्यायावर बोट ठेविलें. १८८८ सालीं आगरकरांनीं पुण्यांत ‘सुधारक’ सुरू केला आणि ह्या व अशा चालींवर कोरडे ओढले. १८९० सालीं तर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नानें मुंबईंत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचें मुंडन आम्ही करणार नाहीं असा निर्धार तींत झाला. ह्या सभेचें महत्त्व आम्हांस फार वाटतें. शास्त्रार्थाचा वाद शास्त्री व सुधारक करीत राहिले. पण वस्तरा ज्यांच्या हातीं होता त्यांनींच तो खालीं ठेवावयाचें ठरविलें.

त्याच १८९० सालीं हरि नारायण आपटे यांनीं पुण्यांत ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढलें आणि त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः येऊं लागली. यमूची ही कथा मराठी वाचकास ठाऊक आहे. ती स्वतः आपल्या तोंडानें आपलें आयुष्य सांगते: माहेर, सासर, शिकलेला व तिला शिकविणारा नवरा, मुंबईचे सुखाचे दिवस, मग वैधव्य, आणि शेवटीं तिच्या इच्छेविरुद्ध झालेलें वपन. ही कादंबरी प्रचारासाठीं लिहिली, म्हणून ती कलाकृति म्हणून उणी, असें म्हणणारे टीकाकार मागेंही होते व आजही आहेत. त्यांनीं एका गोष्टीचा विचार करावा. वपनाचा प्रसंग पुस्तकाच्या अखेरीस येतो. तोपर्यंत वाचक त्या मुलीबरोबर शेंकडों पानें राहिलेला असतो. तिच्या बाहुल्या, तिचे रुसवे, तिचें चोरून वाचणें, हें सर्व त्याच्या ओळखीचें झालेलें असतें. म्हणून जेव्हां वस्तरा येतो तेव्हां तो ‘विधवा’ नांवाच्या एका जातीवर येत नाहीं. एका ओळखीच्या डोक्यावर येतो. ‘सुधारका’ंतील दहा निबंधांनीं जें पटावें तें येथें पटवावें लागत नाहीं. ओळख आधीं, आघात नंतर, हा क्रम ज्याला साधला त्याला कलावंत म्हणावयाचें नाहीं तर कोणाला?

असें असूनही ह्या थोर कादंबरींत एक उणीव आहे, आणि ती आपट्यांच्या नंतरच्या पुष्कळ लेखकांनीं वारशासारखी पुढें चालविली. वपनाच्या आघातानंतर यमूचें आयुष्य फार काळ चालत नाहीं. तिची कथा मृत्यूनें संपते. वाचकाच्या अंतःकरणास पीळ पडावा ह्यासाठीं हा शेवट योग्यच होता. परंतु खऱ्या आयुष्यांत सोवळ्या झालेल्या बायका अशा लगेच मरत नसत. त्या लाल आलवणांत तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षें जगत. स्वयंपाक करीत, दुसऱ्यांचीं मुलें वाढवीत, आणि ठराविक दिवसांनीं पुन्हां वस्तऱ्याखालीं मान देत. कादंबरीनें वपनाचा एक दिवस दाखविला; तें पुढें पुन्हां पुन्हां होत राहतें, हें दाखविलें नाहीं. आणि त्या जगणाऱ्या बाईच्या मनांत आपले केंस पुन्हां वाढवावे असा विचार कधीं आला असेल, तर तो कसा आला, हेंही कादंबरीस ठाऊक नाहीं. दया दाखविण्यास मेलेली नायिका पुरते. जिवंत बाईला मात्र हक्क लागतो.

हें काम कादंबरीनें केलें नाहीं तें एका आत्मचरित्रानें केलें. पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ सालीं प्रसिद्ध झाली आणि १९३० सालीं जस्टिन अॅबट यांनीं तिचें इंग्रजी भाषांतर केलें. पार्वतीबाई ह्या महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या भगिनी. कर्व्यांनीं १८९३ सालीं आनंदीबाईंशीं विवाह केला तेव्हां त्या स्वतः विधवा होत्या; १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० सालीं तो पुण्याजवळच्या हिंगण्यास नेला. हें हिंगणें आज शहराच्या पोटांत गेलें आहे. पार्वतीबाई लहान वयांत विधवा झाल्या, त्यांचें वपन झालें होतें, आणि त्याच सोवळ्या वेषांत त्यांनीं गांवोगांव हिंडून आश्रमासाठीं वर्गणी गोळा केली. पुढें त्यांनीं वपन सोडलें व केंस वाढूं दिले. १९१८ सालीं त्या अमेरिकेस गेल्या.

‘माझी कहाणी’ची भाषा साधी आहे, अलंकाराचा सोस तींत नाहीं. तिचें महत्त्व असें कीं, मराठी वाङ्मयांत केंसांविषयींचा निर्णय येथें ज्या डोक्यावर ते आहेत त्या डोक्यांत होतो. वपन चालू ठेवणें हाही काहीं काळ विचारपूर्वक पत्करलेला मार्ग होता, आणि तें सोडणें हाही. आपला वेष बदलल्यानें लोक काय म्हणतील, संस्थेचें हित कशांत आहे, आणि आपल्या मनाला काय पटतें, ह्या तिन्हींचा हिशेब ती बाई स्वतः करते. यमूचे केंस गेले तेव्हां वाचकाला रडूं येतें. पार्वतीबाईंचे केंस वाढतात तेव्हां वाचकाला विचार करावा लागतो. पहिलें कठीण आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. पण दुसरें दुर्मिळ आहे.

आतां दुसऱ्या चालीकडे वळूं. जट म्हणजे काय हें प्रथम स्पष्ट सांगितलें पाहिजे, कारण तिच्याभोंवतीं इतकें गूढ उभारलेलें आहे कीं, साधी गोष्ट दिसेनाशी झाली आहे. केंसाच्या अंगावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म पापुद्रे असतात. माणसाच्या डोक्यावरून रोज सुमारें ५० ते १०० केंस सहज गळतात. विंचरलें तर ते फणींत येतात. न विंचरलें तर जिवंत केंसांतच अडकून राहतात. त्यांत तेल, घाम, धूळ मिसळली, डोकें उशीवर घासलें गेलें, कीं ते पापुद्रे एकमेकांत गुंततात. लोंकर भिजवून चोळली असतां तिचा जसा घट्ट थर बनतो तसाच हा प्रकार. केंस कुरळे आणि दाट असले तर गुंता लौकर होतो. आरंभींच थोडें तेल, थोडें पाणी आणि पुष्कळ सबुरी खर्चिली तर तो सुटतो. एकदां घट्ट बसला म्हणजे बहुधा कात्रीच लागते. जटेचें सगळें रहस्य एवढेंच.

परंतु आमच्याकडे, विशेषतः कोल्हापूर-बेळगांवच्या सरहद्दीवर, असा गुंता दिसला कीं तो सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचें बोलावणें समजत. मग त्या केंसांना फणी लावावयाची नाहीं, त्यांवर भंडारा टाकावयाचा. फणी बंद झाली म्हणजे गुंता वाढणारच. आणि तो वाढला कीं, पाहा, देवीचा कोप वाढला, असें म्हणावयास सगळे मोकळे! बंदीनेंच जट पोसली जाते, आणि पोसलेली जट बंदीचें समर्थन करते. हा भ्रम आमच्याच देशाला झाला असेंही नाहीं. युरोपांत पोलंडकडील लोक अशा गुंत्याला कित्येक शतकें भीत होते. तो कापला तर माणूस आंधळा होईल किंवा वेडा होईल अशी त्यांची समजूत होती, आणि एकोणिसाव्या शतकांत क्राको येथील डॉक्टर युझेफ दीतल यांना तिच्याविरुद्ध झगडावें लागलें. तेथें यल्लम्मा नव्हती. केंसांचा स्वभाव मात्र तोच होता, आणि अज्ञानाचाही.

राजन गवस यांची ‘चौंडकं’ ही कादंबरी १९८५ सालीं प्रसिद्ध झाली. सुली नांवाच्या मुलीच्या डोक्यांत जट दिसते आणि तिला देवीला सोडतात, हा तिचा आरंभबिंदु. आपट्यांच्या कादंबरीशीं हिची तुलना केली तर एक मोठा फरक लक्षांत येतो. आपट्यांची कथा केंसांपाशीं येऊन संपते. गवसांची केंसांपासून सुरू होते. तेथें आघात शेवटीं आहे, म्हणून वाचक भीत भीत पुढें जातो. येथें आघात आधींच झालेला आहे, म्हणून त्याचे परिणाम वाचकास पानोपानीं भोगावे लागतात. दुसरा फरक भाषेचा. पुणेरी घरांतील यमूची भाषा वाचकवर्गाची स्वतःचीच भाषा होती. गवसांनीं सरहद्दीवरची बोली तिच्या मूळच्या रांगडेपणानिशीं उभी केली आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाला तिच्यापर्यंत चालत जावयास लाविलें. तिसरी गोष्ट अशी कीं, येथें एखादा दुष्ट माणूस दाखवून सुटका करून घेतां येत नाहीं. घरचे, भावकी, जोगतिणी, गांव, सगळे मिळून त्या मुलीचें आयुष्य ठरवितात आणि आपण धर्म करतों आहों असें त्यांना प्रामाणिकपणें वाटतें. हा नुसता गुंता आहे हें शिकलेल्या वाचकाला ठाऊक असतें. गांवाला ठाऊक नसतें. ह्या दोन ज्ञानांमधील अंतर हाच ह्या कादंबरीचा खरा शोक आहे.

गवसांनीं ‘भंडारभोग’ (१९८८) ही कादंबरीही ह्याच विषयावर लिहिली. ह्या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवरून राजीव पाटील यांनीं ‘जोगवा’ हा चित्रपट काढला. तो २००९ सालीं लोकांपुढें आला आणि सामाजिक प्रश्नावरील उत्तम चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. तो चांगला चित्रपट आहे ह्यांत शंका नाहीं. तथापि, त्याचीं गाणीं जितक्या घरांत गेलीं तितक्या घरांत जटेचा प्रश्न गेला, असें आम्हांस म्हणवत नाहीं. पुष्कळ प्रेक्षकांनीं तो दूरच्या गांवांतील दुःखाची कथा म्हणून पाहिला व डोळे पुसून ते घरीं गेले.

दूरच्या म्हणण्याचें कारण नाहीं. पुणें शहरांतच जट वागविणाऱ्या स्त्रिया आढळल्या आहेत. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यांतील कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनीं आजवर दोनशेंहून अधिक स्त्रियांना जटेंतून मोकळें केलें आहे. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं ह्याच शहरांत खून झाला. त्यानंतरही हें काम थांबलें नाहीं. जाधवबाईंचा पूर्वीचा व्यवसाय केशभूषेचा व सौंदर्यप्रसाधनाचा होता, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. देवदासीप्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं, कर्नाटकांत १९८२ सालीं व महाराष्ट्रांत २००५ सालीं कायदे झाले. ते आवश्यकच होते. पण कायदा कोणाचे केंस विंचरीत नाहीं. जट कापतांना त्या बाईला वाटणारी भीति खरी असते: घरांत कोणी दगावेल, देवी कोपेल, आपल्याला वेड लागेल. ती भीति शब्दानें व सहवासानें आधीं सोडवावी लागते. कात्रीची पाळी मागाहून येते. बाईचें मन वळण्यापूर्वीं कात्री चालविली तर ती वस्तऱ्याचीच बहीण ठरेल, हें सुधारणा करणाऱ्यानें विसरतां कामा नये.

आणि येथेंच आमचें वाङ्मय अपुरें पडतें. जट कापल्यावर काय होतें? वर्षानुवर्षें वाहिलेलें ओझें उतरलेलें असतें. मान हलकी झालेली असते, इतकी कीं ती आपलीच आहे ह्याचा भरंवसा वाटूं नये. डोक्यावर पाणी थेट पडतें. केंस बोटभर उरलेले असतात. महिन्याला सुमारें एक सेंटीमीटर ह्या वेगानें ते वाढणार. त्यांना तेल किती लावावें, ते कितव्या दिवशीं धुवावे, गुंता झाला तर भिऊं नये, हें सगळें त्या बाईला पुन्हां, कदाचित् आयुष्यांत पहिल्यांदाच, शिकावें लागतें. हें शिक्षण म्हणजेच तिची खरी सुटका. ही कथा मराठींत अजून कोणीं समर्थपणें लिहिलेली आमच्या वाचनांत नाहीं. यमूचें वपन आम्हीं पाहिलें, सुलीची जट पाहिली. आरशासमोर बसून आपल्या हातानें आपले केंस विंचरणारी त्या दोघींची तिसरी बहीण आम्हांला अजून भेटावयाची आहे.

हें ज्ञान काहीं नवीन नव्हे. आमच्या लहानपणीं न्हाण्याच्या दिवशीं घरभर शिकेकाईचा वास सुटे. आजी पुढ्यांत बसवून घेई, एका मुठींत केंस मुळाशीं धरी म्हणजे ओढ बसत नसे, आणि टोंकाकडून सुरुवात करून हळूहळू वर येई. मधूनच घाई करून वरून फणी ओढली तर ओरडणें भाग पडे, आणि आजी म्हणे, “गुंता वरून सुटत नाहीं ग, बाळे.” माझे केंस राठ व कुरळे, बहिणीचे सरळ. तिला जें चाले तें मला चालत नाहीं हें आजी जाणून होती आणि दोघींच्या डोक्यांना वेगळी वागणूक देई. ज्या हातांना एवढें ठाऊक होतें त्या हातांचें ज्ञान ग्रंथांत आलें नाहीं, कारण तें बायकांचें घरगुती काम ठरलें आणि काव्यांत फक्त वेणीची नागीण आली.

आजची मुलगी ह्या चालींतून मोकळी आहे, असें आपण समाधानानें म्हणतों. बऱ्याच अंशीं तें खरें आहे. तरी कुरळे केंस म्हणजे कांहींतरी दोष, ते तापवून सरळ करून घेतल्याखेरीज लग्नसमारंभास जातां येत नाहीं, असें तिला वाटतें तेव्हां जुना प्रश्न सौम्य रूपानें पुन्हां पुढें येतो. जुलूम आणि फॅशन एका तागडींत घालणें अन्यायाचें होईल. एकींत नाहीं म्हणण्याची सोय नव्हती, दुसरींत ती आहे. पण नाहीं म्हणावयाचें तर आपले केंस मुळांत कसे आहेत हें ठाऊक असावें लागतें. ज्याचा स्वभाव ओळखला नाहीं त्याची निगा राखतां येत नाहीं, आणि ज्याची निगा आपण राखली नाहीं तें दुसऱ्यानें आपलें म्हटलें तर वाद घालण्यासही जोर राहत नाहीं.

म्हणून यापुढें एखाद्या मराठी कथेंत केंसांचें वर्णन आलें तर वाचकानें एवढीच परीक्षा करावी: फणी कोणाच्या हातीं आहे? आपट्यांनीं ती हिसकावून घेतलेली दाखविली, गवसांनीं ती बंद झालेली दाखविली, पार्वतीबाईंनीं ती परत मागून घेतली. ती परत मिळाल्यानंतरचे साधे, रोजचे दिवस लिहिणारी लेखणी अजून यावयाची आहे. तिची वाट पाहण्यास हरकत नाहीं. पण तोंवर ज्या पुणेरी वस्त्यांतून आजही कोणी बाई डोक्यावर जटेचें ओझें घेऊन निजते, तिच्याशीं बोलण्यासाठीं कादंबरीची वाट पाहण्याचें कारण नाहीं.